भूमिहीनांचा कैवारी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत बुद्ध, फुले, शाहू, आंबेडकर आणि माता रमाई यांच्यावर लेख येतात, ते यायलाच पाहिजेत. पण बाबासाहेबांच्या शब्दाखातर ज्यांनी आपला उभा जन्म चळवळीत घातला, त्या माणसांविषयी आपल्या घराघरात फारसं बोललं जात नाही. त्यातलं पहिलं नाव म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड. आज आपल्या तरुण पोरांना हे नाव सरकारी जमीन योजनेच्या अर्जावर छापलेलं दिसतं, तेवढीच काय ती ओळख. ज्या माणसाच्या एका हाकेवर लाखो लोक तुरुंगात गेले, त्याची ओळख एका अर्जापुरती उरावी, हे आपल्या समाजाला शोभणारं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

दादासाहेबांचं मूळ नाव भाऊराव कृष्णराव गायकवाड. जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी. घर महार वतनदाराचं. वतनदार म्हटलं की आजच्या पोरांना वाटेल, चांगली शेतीवाडी असेल. तसं काही नव्हतं. वतन म्हणजे गावकीची कामं. सरकारी टपाल पोचवायचं, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, रात्रीबेरात्री हाक आली की हातातला घास टाकून जायचं आणि त्या बदल्यात इनामाचा एवढासा तुकडा. तो तुकडाही भावाभावांत वाटून वाटून वावभर उरलेला. या वतनानं माणसाला धड शेतकरी होऊ दिलं नाही आणि धड मजूरही होऊ दिलं नाही. जमिनीचा प्रश्न भाऊराव पुस्तकातून शिकले नाहीत, तो त्यांच्या उंबऱ्यातच उभा होता.

शिक्षण फार मोठं झालं नाही. परदेशी पदवी नाही, वकिली नाही. पण माणसं जोडण्याची आणि हिशेबानं काम करण्याची हातोटी होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानं सगळ्या महाराष्ट्रातला अस्पृश्य समाज जागा झाला. त्या काळात भाऊराव बाबासाहेबांच्या चळवळीत आले ते कायमचेच.

त्यांची खरी कसोटी लागली ती नाशिकला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसांची जवळजवळ मैलभर लांब मिरवणूक मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले. मग सत्याग्रही तुकड्या करून दरवाजांपुढे बसले, त्यात बायाही होत्या. या सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव गायकवाड, वय अवघं सत्तावीस वर्षांचं. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. ऐन वेळी दगा झाला, दगडफेक झाली, आपले कितीतरी लोक जखमी झाले.

सत्याग्रह म्हटला की आपल्याला पहिल्या दिवसाची मिरवणूक आठवते. पण हा सत्याग्रह काही महिन्यांत संपला नाही, तो वर्षानुवर्षं चालला. मधल्या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. मागे नाशिकला रोजची तुकडी उभी करायची कुणी? सत्याग्रहींच्या भाकरीची सोय बघायची कुणी? कोर्टकचेरी, जामीन, जखमींची देखभाल हे कुणी करायचं? शिवाय ज्या गावातून सत्याग्रही आला, त्या गावात त्याच्या घरच्यांवर बहिष्कार पडत होता. विहीर बंद, दुकान बंद, मजुरी बंद. त्या माणसांना धीर द्यायला गावोगाव कुणी जायचं? हे सगळं काम भाऊराव आणि त्यांच्या साथीदारांनी केलं. फोटोत न येणारं काम म्हणतात ते हे. आपल्या विहारात ज्यांनी वर्गणी गोळा केली, सतरंज्या अंथरल्या, कार्यक्रम झाल्यावर झाडून काढलं, त्यांना या कामाची किंमत समजेल.

अखेर मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांनाच पत्र लिहून कळवलं की आता मंदिर प्रवेशासाठी शक्ती खर्च करू नये, ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी. भाऊरावांनी ते मानलं. ज्या लढ्यासाठी चार वर्षं रक्त आटवलं, तो थांबवणं सोपं नसतं, लोकांना समजावणं तर त्याहून अवघड. बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रं पुढे प्रसिद्ध झाली आहेत. चळवळीतल्या बारीकसारीक गोष्टींपासून मोठ्या निर्णयांपर्यंत सगळं त्यांत आहे. एवढा विश्वास बाबासाहेबांनी फार थोड्या लोकांवर टाकला. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या जिल्ह्यानं देवळाच्या दारात दगड खाल्ले, त्याच जिल्ह्यात ती घोषणा झाली.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि १९४६ पर्यंत आमदार होते. या पक्षाचं नावच मजूर पक्ष होतं, हे आम्हा गिरणी कामगारांना विसरता येत नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि इतर भागांतून हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. त्याच साली ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क काढून घेणाऱ्या कायद्याविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी मोठा संप केला. त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी एका बाजूला उभे राहिले. त्या काळी गिरणीत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळ. पगार जास्त ते खातं आपल्याला बंद. म्हणजे गावात जमीन बंद आणि शहरात साचा बंद. दोन्ही दारं एकाच कुलपानं लावलेली. हे ज्यांनी तेव्हा ओळखलं, त्यांच्या पंक्तीत भाऊराव होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मक्रांती झाली. दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर चितेच्या साक्षीने हजारो लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. बाप गेलेल्या घरासारखी समाजाची अवस्था होती. अशा वेळी ज्यांनी घर सावरलं, त्यात दादासाहेब गायकवाड पुढे होते. १९५७ च्या निवडणुकीत शेड्युल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढलं आणि दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदवला. दहा वर्षांपूर्वीच्या जनगणनेत हा आकडा अडीच हजारांच्या आसपास होता. खेडोपाडी धम्म पोचवण्याचं काम ज्या हजारो कार्यकर्त्यांनी केलं, त्यांना दादासाहेबांसारख्या पुढाऱ्यांचा आधार होता.

पण बौद्ध झाल्यावर एक नवीन संकट उभं राहिलं. धर्म बदलला म्हणून सवलती गेल्या. घर तेच, गरिबी तीच, गावातला बहिष्कार तर आणखीन वाढलेला, पण सरकारी कागदावर मात्र हा माणूस आता मागास नाही! महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा, १९६० साली, राज्य सरकारने आपल्यापुरत्या सवलती चालू केल्या. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत मात्र काहीच नव्हतं. आता आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात मोठ्या नोकऱ्या कुठल्या? रेल्वे, पोस्ट, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी. सगळ्या केंद्राच्या. म्हणून कितीतरी घरांत मनाने बौद्ध, विहारात बौद्ध, लग्न बौद्ध पद्धतीने, पण दाखल्यावर जुनीच जात आणि जुनाच धर्म ठेवावा लागला. हे कुणी हौसेनं केलं नाही. पोटासाठी केलं. दादासाहेबांनी हा प्रश्न संसदेत आणि संसदेबाहेर लावून धरला.

संसदेत बोलून भागत नाही हे दिसल्यावर दादासाहेब रस्त्यावर उतरले. शेवटच्या दिवसांत बाबासाहेबांना खेड्यातल्या भूमिहीन माणसाची काळजी लागून राहिली होती. शिकलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, पण गावात राहिलेल्याचं काय? ती काळजी दादासाहेबांनी आपल्या खांद्यावर घेतली. १९५९ साली मराठवाडा, खानदेश, नाशिक या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. मागणी साधी होती. सरकारी पडीक जमीन, गायरान, जंगलखात्याची उजाड जमीन ओस पडलेली आहे आणि कसणारे हात रिकामे आहेत, तर ती जमीन त्या हातांना द्या. लोक नांगर घेऊन जमिनीवर जात, पोलीस धरून नेत, दुसरी तुकडी पुढे येई. तुरुंग अपुरे पडले. याच सुमारास महार वतनं रद्द करणारा १९५८ चा कायदा अमलात आला. गावकीची गुलामी सुटली हे खरं, पण वतनाची जमीन नावावर करून घ्यायला सरकारात पैसे भरावे लागत होते आणि ज्याच्या घरात दाणा नाही त्याने ते भरायचे कुठून?

१९६२ साली दादासाहेब राज्यसभेवर गेले आणि १९६८ पर्यंत खासदार होते. विधानसभा, लोकसभा, राज्यसभा मिळून वीस वर्षं हा माणूस सभागृहात बसला. इतकी वर्षं खुर्चीवर बसल्यावर माणसं मऊ पडतात. पण दादासाहेबांनी सर्वांत मोठा लढा दिला तो खासदार असतानाच. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षानं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचं निवेदन दिलं. उत्तर समाधानकारक मिळालं नाही, म्हणून महापरिनिर्वाण दिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. तो फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. महाराष्ट्राबरोबर उत्तर प्रदेश, पंजाबपर्यंत लोक उठले. चळवळीच्या नोंदीप्रमाणे तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. बायाबापड्या लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. स्वतंत्र भारतात गरिबांचा एवढा मोठा शांततेचा लढा फार क्वचित झाला असेल, पण शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ सापडायची नाही.

त्या दहा मागण्या आपण शहरातल्या लोकांनी नीट वाचल्या पाहिजेत. पडीक जमीन भूमिहीनांना द्या आणि कसणाऱ्याला त्याची जमीन मिळू द्या, हे तर होतंच. पण त्याचबरोबर धान्याचं वाटप नीट करा आणि भाव आवरा, झोपडपट्टीतल्या लोकांची स्थिती सुधारा, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, अस्पृश्यता गुन्हा कायद्याची नीट अंमलबजावणी करा, राखीव जागा भरा, बौद्धांना सवलती द्या आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशाही मागण्या होत्या. म्हणजे लढा भूमिहीनांच्या नावाचा असला तरी त्यात कल्याणच्या रेल्वे लाईनकडेची झोपडी होती, रेशनच्या दुकानापुढची रांग होती, कंत्राटी मजुराची रोजी होती. आपण म्हणतो, आम्ही काय शेतकरी नाही, आमचा दादासाहेबांशी काय संबंध? संबंध हा असा आहे.

या मागण्यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागायला मात्र १९९० साल उजाडलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. म्हणजे धम्मदीक्षेनंतर तब्बल चौतीस वर्षांनी! आज आपला मुलगा किंवा मुलगी ताठ मानेने बौद्ध म्हणून दाखला काढते आणि केंद्राच्या परीक्षेला बसते. त्या दाखल्यामागे १९६४ साली तुरुंगात गेलेल्या अडाणी मायबापांचे दिवस आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर शेतीसाठी केलेली मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारने घेतला, त्याचीही मुळं याच लढ्यात आहेत. निर्णय झाला तरी सातबाऱ्यावर नाव चढायला तलाठ्याच्या दारात चपला झिजवाव्या लागतात, ती गोष्ट वेगळी.

आता एक अवघड विषय. तो टाळून श्रद्धांजली पूर्ण होत नाही. रिपब्लिकन पक्ष स्थापन होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच त्यात फूट पडली. एका बाजूला ॲड. बी. सी. कांबळे, दुसऱ्या बाजूला दादासाहेब. लोक दुरुस्त आणि नादुरुस्त अशा नावांनी हे गट ओळखू लागले. शिकलेल्या मंडळींचा आक्षेप असा, की जमिनीचे लढे म्हणजे कम्युनिस्टांची वाट, बाबासाहेबांनी घटनेचा मार्ग दाखवला आहे. दादासाहेब धोतर नेसणारे, कमी शिकलेले, म्हणून त्यांची टिंगलही झाली. या वादात कांबळे साहेबांची विद्वत्ता आणि निष्ठा आम्ही कमी लेखत नाही. पण टिंगल करणाऱ्यांना आमचं एवढंच विचारणं आहे, की रिकाम्या पोटाच्या माणसाला घटना वाचून दाखवायची, तर आधी त्याला बसायला स्वतःची जागा नको का? आणि शांतपणे तुरुंगात जाणं हे घटनेच्या विरुद्ध कसं?

दुसरा आक्षेप काँग्रेसशी केलेल्या समझोत्याचा. १९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी काँग्रेसशी हातमिळवणी केली. त्यांचा हिशेब असा होता, की गावात आपण थोडे, हातात सत्ता नाही, तर सत्तेत वाटा घेऊन लोकांची कामं करावीत. आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं की हा हिशेब पुढे चुकला. जिल्हा परिषदेच्या चार जागा मिळाल्या, पण पक्षाची धार गेली, आणि त्यांच्यानंतर जे आले त्यांनी समझोता हाच धंदा केला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती याच रागातून. पण दादासाहेबांनी स्वतःसाठी माड्या बांधल्या असं त्यांचे विरोधकही म्हणाले नाहीत. मोठ्या माणसाची चूक झाकू नये आणि त्या एका चुकीवर त्याचं आयुष्यही मोजू नये, असं आमचं मत आहे.

जमिनीची किंमत आम्हाला कळली ती १९८२ च्या गिरणी संपात. १८ जानेवारीला संप सुरू झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो, वडील गिरणीत. संप लांबला तसे चाळीतले लोक गावी जाऊ लागले. कुणाची कोकणात भातशेती, कुणाची साताऱ्याकडे ज्वारी. त्यांनी वर्ष दोन वर्षं गावच्या दाण्यावर काढली. आमच्या लोकांनी जायचं कुठं? गावी जावं तर पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. मग कुणी नाक्यावर उभे राहिले, कुणी हमाली केली, घरातली भांडी गेली, बायकांच्या अंगावरचा मणी गेला. संप एकच, मालक एकच, उपास मात्र सारखा नव्हता. पुढे आम्हीही गिरणीतच लागलो आणि गिरण्या बंद होताना पाहिल्या. तेव्हा दादासाहेब जमीन जमीन का म्हणत होते ते पुस्तक न वाचता समजलं. जमीन म्हणजे नुसतं पीक नाही, पडत्या काळात पाठ टेकायची भिंत आहे.

१९६८ साली भारत सरकारने दादासाहेबांना पद्मश्री दिली. समाजाने त्याआधीच कर्मवीर ही पदवी दिली होती. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. बांगलादेशचं युद्ध संपून दोन आठवडे झाले होते, देश विजयाच्या आनंदात होता. त्या गडबडीत नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत खेड्यापाड्यातल्या भूमिहीनांच्या घरात मात्र चूल पेटली नसेल. २००२ साली, जन्मशताब्दी वर्षात, त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. २००४ पासून महाराष्ट्र शासनाची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन मिळावी, अशी ही योजना. आधी निम्मं अनुदान, निम्मं बिनव्याजी कर्ज होतं, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान झालं. योजना चांगली आहे. पण सरकारी भावात जमीन विकणारा मिळत नाही म्हणून अर्ज पडून राहतात. दादासाहेबांचं नाव योजनेला आहे, तर त्यांची चिकाटीही तिला मिळाली पाहिजे, आणि ती सरकार देणार नाही, आपणच द्यावी लागेल.

आपल्या वस्तीत नाशिकची, खानदेशची, मराठवाड्याची, नगरकडची घरं आहेत. प्रत्येक घरानं एकदा आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, ६४ सालच्या सत्याग्रहात आपल्या घरातलं कोण तुरुंगात गेलं होतं? किती दिवस? कुठल्या तुरुंगात? जी माणसं आहेत ती अजून सांगू शकतील, पण फार दिवस नाही. ती नावं लिहून विहारात आणून द्यावीत. पुढाऱ्यांची नावं इतिहासात येतात, या माणसांची नावं आपण नाही लिहिली तर कुणी लिहिणार नाही. आणि गावाकडे ज्यांचे भाऊबंद अजून भूमिहीन आहेत किंवा गायरानाचा कागद अडकून पडला आहे, त्यांना विहारातल्या शिकलेल्या पोरांनी अर्ज भरून द्यावा, तहसीलला सोबत जावं. रविवारी दोन तास दिले तरी पुष्कळ होईल.

दादासाहेब फार शिकलेले नव्हते, श्रीमंत नव्हते, इंग्रजी भाषणं गाजवणारे नव्हते. पण बाबासाहेबांनी सोपवलेलं काम त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. त्या कामातला आपल्या वाट्याचा भार आपण उचलणे, हीच कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना आमची विनम्र आदरांजली.

नमो बुद्धाय! जय भीम!